शिक्षणार्थ शासनाचे द्रव्य आणि आपण

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवाप्रीत्यर्थ भरलेल्या पालकसभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या या सप्ताहात पूर्वजांच्या उपकारस्मरणाची पुष्कळ भाषणे आपण ऐकिली. ज्यांनी देवळाच्या पायासाठी डोक्यावरून दगड वाहिले, ज्यांनी झावळ्यांच्या छपराखाली पहिली शाळा भरविली, त्यांचे गुण मजपेक्षा अधिकारी वक्त्यांनी गायिले आहेत. चालकांनी मजकडे सोपविलेला विषय त्या मानाने रुक्ष आहे. तो पैशाचा आहे, अर्जांचा आहे आणि दाखल्यांचा आहे. महोत्सवाच्या मांडवात तहसील कचेरीची गोष्ट काढणे कोणास अप्रशस्तही वाटेल. परंतु ज्या शाळेचा आपण एवढा अभिमान वाहतो ती आज कोणाच्या पैशावर चालते, आणि तिच्यात येणारी गरीब मुले पुढे कोणाच्या पैशावर शिकावयाची, हा प्रश्न टाळून केलेला शाळेचा गौरव मला तरी अपुरा वाटतो.

माझे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. मुलांच्या शिक्षणासाठी शासन जे द्रव्य खर्चिते त्यातील आपल्या मुलांच्या वाट्याचा भाग त्यांच्या हाती पुरता येत नाही. याचा दोष काही अंशी कचेऱ्यांकडे जातो हे मला मान्य आहे. परंतु काही अंशी तो आपल्याकडेही येतो. आपल्यापैकी कित्येकांस ही मदत म्हणजे भीक वाटते. कित्येकांस तिच्यामागे काही डाव आहे असा संशय येतो. आणि उरलेल्यांस कागदपत्रांचा कंटाळा आहे. या तिन्हींचा विचार आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

पहिली गोष्ट लाजेची. आपल्याच धर्मग्रामातील एका विधवा भगिनीस मी मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास सुचविले होते. ती मला म्हणाली, ‘‘गुरुजी, माझा नवरा गेला, पण माझे हात गेले नाहीत.’’ हे उत्तर ऐकून तिच्याविषयी माझा आदर दुणावला, आणि तरीही तिचे म्हणणे मला पटले नाही. ती बाई बाजारातून साबणाची वडी आणते तेव्हा त्या वडीवरचा कर भरते. शहराच्या हद्दीत ज्यांची घरे आहेत त्यांनी आपले घरपट्टीचे बिल एकदा बारकाईने वाचावे. 1962 साली झालेल्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे त्यात शिक्षण कराची एक स्वतंत्र ओळ असते. आयकर भरणाऱ्यांच्या करावर आरोग्य व शिक्षण यांसाठी शेकडा 4 प्रमाणे उपकर बसतो. तेव्हा जे द्रव्य तिच्यासारख्या लक्षावधी माणसांच्या घामातून जमा होते, त्यातील काही तिच्या मुलाच्या वह्यापुस्तकांसाठी परत आले तर त्यात भीक ती कोठे आली? आपण पतपेढीत ठेविलेली रक्कम काढावयास जातो तेव्हा मान खाली घालून जात नाही.

हा विचार काही माझा नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्याचा गाभा हाच होता. सरकारचा वसूल रयतेच्या श्रमातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो, अशी त्यांची तक्रार होती. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी त्यांनी केली. इंग्रज सरकारने ती मानली नाही. ती मानली ती दोन देशी संस्थानिकांनी. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. कोल्हापुरास शाहू महाराजांनी 1917 साली तोच मार्ग धरिला. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिन्याला एक रुपया दंड ठेविला, आणि जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही एक होते हे आपण विसरू नये. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणिले, ते पुढल्याच वर्षी नामंजूर झाले. आपला धर्मग्राम ज्या सुमारास स्थापन झाला त्याच सुमारास, 26 जानेवारी 1950 रोजी, देशाचे संविधान अमलात आले. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे त्यात सांगितले होते. दहा वर्षांचे पन्नास झाले. 2002 सालच्या घटनादुरुस्तीने हे शिक्षण मूलभूत हक्क ठरले, 2009 साली त्याचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. फुल्यांच्या मागणीपासून मोजले तर सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. इतक्या कष्टाने जे पदरात पडले ते घेताना लाजणे म्हणजे त्या कष्टांची किंमत न कळणे होय.

आता संशयाकडे वळतो. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींत एक मत फार जुने आहे. सरकारचा पैसा शाळेत आला की सरकारचा पाय शाळेत आला, आणि सरकारचा पाय आला की आपली शाळा आपली राहिली नाही, असे ते मत आहे. हे मत मी हसण्यावारी नेत नाही. ते निष्ठेतून आलेले आहे. परंतु त्याची शहानिशा करावयास पाहिजे.

खाजगी शाळांस अनुदान देण्याची पद्धत आपल्या देशात 1854 सालच्या वुडसाहेबांच्या खलित्यापासून पडली. त्यातील तत्त्व असे की, शाळेत लौकिक विषयांचे शिक्षण चांगले मिळते की नाही एवढे सरकारने तपासावे, त्या मानाने मदत द्यावी, आणि शाळा देत असलेल्या धर्मशिक्षणात हात घालू नये. मिशनरी शाळांची वाढ या पद्धतीमुळे झाली हे उघड आहे. पुढे स्वतंत्र भारताची घटना बनविताना आपला समाज काय करणार हा प्रश्न होता. घटनासमितीत मद्रासकडून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसूझा होते, बंगालचे हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती गृहस्थ समितीचे उपाध्यक्ष होते. विधिमंडळात आपल्यासाठी राखीव जागा असाव्यात हा आग्रह ख्रिस्ती प्रतिनिधींनी धरिला नाही. शाळांचा हक्क मात्र घटनेत राहिला. अनुच्छेद 30 प्रमाणे अल्पसंख्याकांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क आहे, आणि त्याच अनुच्छेदाचा दुसरा भाग, जो आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचिला असेल, असे सांगतो की, शाळा अल्पसंख्याकांच्या हाती आहे एवढ्याच कारणासाठी अनुदान देताना राज्याने तिच्याशी भेदभाव करावयाचा नाही.

अनुदानाच्या अटींचे काय, असे कोणी विचारील. 1958 साली केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजू स्पष्ट केल्या. अनुदानाच्या बदल्यात शाळा चालविण्याचा हक्कच सोडून द्यावा अशी अट राज्याने घालता कामा नये; परंतु शाळा चालविण्याच्या हक्कात ती वाईट रीतीने चालविण्याचा हक्क समाविष्ट होत नाही. 1974 साली अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्यातही न्यायालयाने हा हक्क उचलून धरिला. ज्या अटी खरोखर आहेत त्या आपणांस जड वाटण्याजोग्या नाहीत. अनुदानित शाळेत धर्म किंवा जात पाहून कोणास प्रवेश नाकारता येत नाही. आणि धर्मशिक्षणाच्या तासाला बसण्याची सक्ती कोणावर, पालकांच्या संमतीवाचून, करता येत नाही. आपल्या शाळेत आपल्या मुलांच्या शेजारी इतर धर्मांची मुले बसतात आणि मूल्यशिक्षणाच्या तासाला ती वेगळे पाठ घेतात, यात आपल्या धर्माचे काय उणे झाले? माझ्या मते तर अनुदानाने आपल्यावर लादलेली ही सर्वांत हितकर अट आहे.

पवित्र सभेची शिकवण या बाबतीत काय आहे, हेही पाहावे. पोप अकरावे पायस यांनी 1929 साली ख्रिस्ती शिक्षणावर जे परिपत्रक काढिले त्यात कुटुंब, ख्रिस्तसभा आणि राज्य या तिघांचा शिक्षणातील अधिकार सांगून, राज्याने पहिल्या दोघांच्या कार्यास साहाय्य करावे असे प्रतिपादिले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यात याहून पुढचे पाऊल आहे. मुलांसाठी शाळा निवडण्याचे स्वातंत्र्य पालकांस खरोखर उपभोगिता यावे अशा रीतीने सार्वजनिक पैशाचे वाटप करणे हे वितरणात्मक न्यायाचे अंग आहे, असा त्या जाहीरनाम्याचा आशय आहे. न्याय हा शब्द तेथे आला आहे, दया नव्हे. तेव्हा सरकारी मदत घेणे हे ख्रिस्ती माणसास न शोभणारे आहे, असे म्हणणाऱ्यास परिषदेचा आधार नाही.

आता आपल्या शाळेचा व्यवहार पाहू. अनुदानित शाळेस मिळणाऱ्या रकमेचा फार मोठा भाग शिक्षकांच्या वेतनाचा असतो, आणि शिक्षकांची पदे विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरतात. शिक्षणखात्याच्या भाषेत यास संचमान्यता म्हणतात. 2009 च्या कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी प्रमाण दिले आहे: साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार. याचा अर्थ ध्यानात घ्या. शाळेत एकसष्ट मुले असता दोन घरांनी आपली मुले काढून नेली, तर एक शिक्षक जाऊ शकतो, आणि उरलेल्या एकोणसाठ मुलांच्या पाच इयत्ता दोघांनी ओढावयाच्या. अतिरिक्त ठरलेला शिक्षक दुसरीकडे पाठविला जातो. तो गेला की शाळेचा दर्जा उतरला असे आपणच म्हणतो, आणि आणखी दोन घरे मुले काढून नेतात.

आपल्या मराठी शाळेवर हीच वेळ येऊ पाहत आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी मुले इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळांत घातली आहेत. 2012 साली स्वयंअर्थसाहाय्यित शाळांचा कायदा झाल्यापासून अशा शाळा वाढल्या आहेत, आणि तेथे शिक्षकांचे वेतन पालकांच्या फीतून निघते. इंग्रजी शिकविण्यास माझा विरोध नाही. इंग्रजीवाचून मुलांचे पुढे अडते हे मी जाणतो. माझे म्हणणे हिशेबाचे आहे. अनुदानित शाळेतून मूल काढिताना आपण केवळ भाषा बदलीत नाही. आठवीपर्यंतचे दुपारचे शिजविलेले अन्न, फुकट मिळणारी पाठ्यपुस्तके आणि काही शिष्यवृत्त्यांची पात्रता, हे सारे आपण मागे सोडून जातो. केंद्र सरकारची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक गुणवत्ता शिष्यवृत्ती 2008 पासून चालू आहे. आठवीत परीक्षा द्यावयाची. उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. घरचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. ही परीक्षा सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांसाठीच आहे. खाजगी विनाअनुदानित शाळेतील मूल कितीही हुशार व कितीही गरीब असले तरी तिला बसू शकत नाही. चार वर्षांचे 48,000 रुपये होतात. ज्या बापाने कर्ज काढून फी भरली आणि मुलाची ही संधी घालविली, त्याला हे आधी कोणी सांगितले होते काय? मला वाटते, कोणीही सांगितले नव्हते.

दुपारच्या अन्नाविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. सुखवस्तु पालक त्या खिचडीची थट्टा करितात. ही योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी देशभर सुरू झाली. आरंभी पुष्कळ ठिकाणी कोरडे धान्यच दिले जाई. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने आज्ञा केल्यावर शिजविलेले अन्न देणे भाग पडले. 2021 पासून तिचे नाव प्रधानमंत्री पोषण असे झाले आहे. तिच्या आधी चाळीस वर्षे मद्रासेत कामराज यांनी शाळेत जेवण घालण्यास प्रारंभ केला होता. उपाशी मुलाला पाढे येत नाहीत, हे ज्याने वर्गावर उभे राहून शिकविले आहे त्यास सांगावे लागत नाही. पाच भाकरींची गोष्ट आपण व्यासपीठावरून दरवर्षी ऐकतो. त्या गोष्टीत रानात बसलेल्या लोकांपैकी कोणी आपणांस जेवण नको म्हणून उठून गेल्याचे लिहिलेले नाही.

2009 च्या कायद्यातील आणखी एक तरतूद आपल्या घरोघरी माहीत असावयास हवी. खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात शेकडा 25 जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवावयाच्या आणि त्यांच्या शिक्षणाची प्रतिपूर्ती शासनाने करावयाची, अशी ती तरतूद आहे. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे, आणि अर्ज जागांहून अधिक आल्यास सोडत निघते. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने नियम बदलून सरकारी वा अनुदानित शाळेच्या जवळ असलेल्या खाजगी शाळांना यातून वगळिले होते. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. येथे एक अवघड गोष्ट बोलणे प्राप्त आहे. 2014 सालच्या निकालाप्रमाणे अल्पसंख्याकांच्या शाळांवर हे बंधन नाही, आणि त्या निकालाचा फेरविचार मोठ्या पीठाने करावा असे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी सप्टेंबर 2025 मध्ये सुचविले आहे. न्यायालय काय ठरवावयाचे ते ठरवील. परंतु आपल्या इंग्रजी शाळांच्या चालकांस माझी नम्र विनंती आहे की, कायद्याने सूट दिली असली तरी गरिबांसाठी काही जागा त्यांनी आपण होऊन ठेवाव्यात. ज्या मिशनरींच्या नावाने आपण शाळा चालवितो त्यांनी सूट मागितली नसती.

मुलींच्या आयांनी पुढील गोष्ट नीट ऐकावी. राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती राज्यात आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलामुलींना ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी तीत निम्मी फी मिळत असे. 2024-25 पासून मुलींना ती पूर्ण मिळू लागली आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून पैसे देऊन घेतलेल्या प्रवेशास ती लागू नाही. कोणी ओळखीचा मनुष्य ‘‘मी जागा मिळवून देतो’’ म्हणून पुढे आला तर त्याचे उपकार घेण्यापूर्वी हे लक्षात असू द्या. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृहाचा निर्वाह भत्ता आहे. आणि ज्या घरातील कर्ता पुरुष गेला, त्या घरातील मुलांसाठी महिला व बालविकास खात्याची सावित्रीबाई फुले यांच्या नावाची बालसंगोपन योजना आहे. मूल अनाथाश्रमात न धाडता आपल्याच माणसांत वाढावे म्हणून दरमहा काही रक्कम देणारी ही योजना आहे, आणि आपल्याकडे तिचे नावही फारसे कोणी ऐकिलेले नाही. व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीचे आपले बंधू दर महिन्यास विधवांच्या घरी धान्य पोहोचवितात. धान्याच्या पिशवीबरोबर हा अर्जही नेता येईल.

सर्व काही गोड आहे असे मी म्हणत नाही. अल्पसंख्याक मुलांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती होती. 2022-23 पासून पहिली ते आठवीच्या मुलांस तीतून वगळण्यात आले. त्यांचे शिक्षण कायद्याने फुकटच आहे असे कारण दिले गेले. लहान मुलांस तीतून वर्षाला हजार रुपये मिळत. मोठ्यांच्या दृष्टीने ती रक्कम क्षुल्लक. परंतु ज्या घरी एक गणवेश व एक छत्री त्यातून येई, त्या घरी ती क्षुल्लक नव्हती. त्याहून जुने शल्य आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, आणि मराठवाड्याकडील बांधवांचे आहे. 1950 सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरताच होता. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती अद्याप बाहेर आहेत. त्यामुळे एकाच आळीतील दोन भावांच्या मुलांपैकी एकास अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळते व दुसऱ्यास मिळत नाही, असे घडते. 2007 साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांच्या आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली, आणि 2022 साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग पुन्हा नेमला गेला. आदिवासींच्या बाबतीत मात्र धर्माची अट नाही. तलासरीकडील आपल्या वारली बांधवांनी ख्रिस्ती झाल्यामुळे आपला हक्क गेला असे समजण्याचे कारण नाही. हे प्रश्न आपल्या धर्मग्रामाचे नाहीत असे कोणी म्हणू नये. तिकडचीच मुले आपल्या वसतिगृहांत शिकतात, आणि त्यांचे शुल्क कोठून यावयाचे हा प्रश्न दरवर्षी जूनमध्ये उभा राहतो.

आता शेवटचा आणि माझ्या अनुभवाप्रमाणे सर्वांत मोठा अडथळा: कागद. शासनाचा पैसा आता बहुधा मुलाच्या किंवा पालकाच्या बँकखात्यात थेट जमा होतो, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरावा लागतो. संगणक दयाळू नसतो. आपल्या घरांत एकाच मनुष्याची तीन नावे असतात. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत पोर्तुगीज वळणाचे संपूर्ण नाव, शाळेच्या जनरल रजिस्टरात गुरुजींनी कानाने ऐकून लिहिलेले, आणि आधारपत्रावर इंग्रजीवरून पुन्हा मराठीत आणिलेले. एका ठिकाणी डिमेलो, दुसऱ्या ठिकाणी डिमेल्लो. एका मुलीच्या बापाचे नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेले होते म्हणून तिचा अर्ज परत आला. दुरुस्ती करून घेईपर्यंत मुदत संपली, आणि त्या वर्षीची रक्कम गेली ती गेली. कचेरीतील कारकुनाने तिला चार वेळा हेलपाटे घालावयास लाविले हेही खरे. परंतु बाप मूल पहिलीत घालिताना दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहता, तर पुढचे काहीच घडले नसते.

म्हणून पालकांनी पुढील गोष्टी ध्यानात धराव्यात. स्नानसंस्काराचा दाखला हा आपल्या श्रद्धेचा मौल्यवान कागद आहे, पण तो जन्माचा सरकारी दाखला नव्हे. 1 ऑक्टोबर 2023 पासून नवा नियम आहे: त्या तारखेस व तिच्यानंतर जन्मलेल्या मुलास शाळाप्रवेशासाठी व इतर पुष्कळ कामांसाठी जन्मदाखला हाच पुरावा धरिला जावयाचा आहे. तेव्हा मुलाचे नाव आधी जन्मनोंदणीत घाला, आणि देवळात येताना तो दाखला बरोबर आणा, म्हणजे दोन्हीकडे एकच नाव लिहिले जाईल. ज्यांच्यापाशी दाखला नाही अशा मोठ्या मुलांच्या पालकांनी घाबरू नये. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलास प्रवेश नाकारू नये असे 2009 चा कायदा सांगतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून मिळतो. एका वर्षासाठीचा दाखला 31 मार्चपर्यंत चालतो, नंतर नवा काढावा लागतो. सबब मार्चअखेरीस काढिलेला दाखला जूनमध्ये उपयोगी पडत नाही, आणि जूनमध्ये सेतू केंद्रावर केवढी रांग असते ते आपण पाहिले आहे. एप्रिल-मे महिन्यांत, आंबे काढण्याच्या धांदलीत का होईना, हे काम उरकून घ्यावे. लोकसेवा हक्काचा कायदा 2015 साली झाला आहे. ठरल्या मुदतीत दाखला न मिळाल्यास अपील करिता येते. अर्जाची पोच घेतल्यावाचून खिडकी सोडू नये. शुभवर्तमानातील त्या विधवेने न्यायाधीशाचे दार किती वेळा ठोठावले हे आपणांस ठाऊक आहे. आपण दुसऱ्या फेरीलाच दमतो.

हे सर्व प्रत्येक घराने एकट्याने करावे अशी अपेक्षा बाळगणे कठोरपणाचे होईल. ज्या घरी पहिलेच मूल दहावीपर्यंत पोहोचते तेथे अर्ज कोण भरणार? सबब धर्मग्राम मंडळापुढे मी सूचना ठेविली, आणि मंडळाने व फादरांनी ती मान्य केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. महोत्सवाच्या निधीतून दीपमाळा व कमानी झाल्यावर जी रक्कम उरेल तीतून एक संगणक व एक छापयंत्र घ्यावयाचे आहे. आपल्यातील तीन निवृत्त शिक्षक व महाविद्यालयात जाणारी चार मुलेमुली पाळीपाळीने अर्ज भरून देण्यास बसतील. कोणाकडूनही पैसे घेतले जाणार नाहीत, आणि मदत मागणारा कोणत्या धर्माचा आहे हे विचारिले जाणार नाही. कोणत्या घराने काय मागितले ही गोष्ट त्या खोलीबाहेर जावयाची नाही, याची हमी मी स्वतः घेतो. शिक्षक कोणत्या दिवशी भेटतील ते देवळाच्या फलकावर लिहिले आहे.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या जुन्या खोलीत आरंभ करावयाचा आहे. येताना मुलाचा जन्मदाखला, मुलाचे व आईवडिलांचे आधारपत्र, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक आणि मागील वर्षाची गुणपत्रिका आणावी. ज्यांच्या कागदांवर नावे जुळत नाहीत त्यांनी स्नानसंस्काराची तारीख आठवून यावे; फादरांनी नोंदवही खोलीत आणून ठेवण्याचे कबूल केले आहे.